राखीव जागा

एस. टी.च्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला मला आयुष्यात कधी साधली नाही. खामगावच्या स्थानकावर गाडी लागते न लागते तोच माझ्या बरोबरीची माणसे खिडकीतून रुमाल, पिशवी, टोपी, प्रसंगी कडेवरचे मूलसुद्धा आत सोडतात आणि मग दारातून सावकाश, अगदी सभ्यपणाने आत शिरतात. मी रांगेच्या शेवटी राहून आत जातो तेव्हा प्रत्येक बाकावर काही ना काही पडलेले असते. ‘बसा की, येथे कोणी नाही’ असे म्हणणारा एकही सापडत नाही. ‘येणार आहेत’ असे बजावणारे मात्र तिघे असतात. एकदा तर एकाच जागेवर दोन रुमाल पडलेले मी पाहिले. एक पांढरा आणि एक निळ्या चौकटींचा. दोघां मालकांमध्ये त्या वेळी जो संवाद झाला त्यात प्रथम कोणाचा रुमाल पडला या प्रश्नापासून एकमेकांच्या गावांच्या लौकिकापर्यंत सर्व विषय येऊन गेले. तो रंगात आला असताना एका म्हातारीने दोन्ही रुमाल हलकेच बाजूला सारले, तेथे बैठक मारली आणि शेगाव येईपर्यंत ती काही उठली नाही.

जागा आगाऊ धरून ठेवावी, मग ती दुसऱ्यानेही धरलेली निघावी आणि त्यावरून भांडण व्हावे, ही खोड केवळ मनुष्यजातीचीच आहे अशी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने ती दूर केली.

त्याचे असे झाले. माझे वडील येथील एका अडत्याकडे मुनीम होते. जळंबपासून खामगावपर्यंतचा आगगाडीचा फाटा १८७० साली झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, तो येथील कापसाच्या पेठेच्या लौकिकामुळे. त्या पेठेच्या उतरत्या काळाचे वडील साक्षीदार. रोज रात्री दुकानाचा हिशेब मिटला की ते मोडी अक्षरांत चार ओळींची रोजनिशी लिहीत. भाव, पाऊस, कोणाकडे लग्न, कोणाकडे मर्तिक. नोकरीतून मोकळा झाल्यावर त्या वह्या देवनागरीत उतरवून ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले आणि त्यासाठी एक जुना संगणक घरात आणला. परंतु हे यंत्र मोठे लहरी निघाले. आठवड्यातून दोनतीन वेळा, लिहिता लिहिता, ते जागच्या जागी गोठून जाई. कळ दाबून पुन्हा सुरू केले की काही घडलेच नाही अशा भोळ्या चेहऱ्याने उभे राही. मात्र मी उतरवलेले पान गेलेले असे. काय झाले म्हणून विचारावे तर सांगणारे कोणी नाही.

पुतण्या पुण्यास याच उद्योगात आहे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी माझे गाऱ्हाणे त्याच्या कानी घातले. त्याने ते वैद्याच्या गांभीर्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, ते मरते हे खरे, पण मरताना काय झाले हे सांगायला मागे कोणी उरत नाही, ही खरी अडचण. आधी एक साक्षीदार ठेवला पाहिजे. कर्नलला सुरुवातीलाच थोडी जागा राखून ठेवायला सांगू.”

कर्नल म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे छातीवर पदके लावलेला, मिशाळ फौजी अधिकारी उभा राहिला. तो हसला. “तो नव्हे काका. सरकीत गर असतो ना, तो.” कापसाच्या गावात वाढलेल्या माणसाला याहून चांगला खुलासा कोणता हवा? संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदी आतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे कार्यक्रम त्याच्या आधाराने राहतात. जागा कोणाला किती द्यायची आणि कोणाची केव्हा काढून घ्यायची, हा सर्व कारभार त्याच्या हाती.

आता हा कारभारी मोठा असला तरी त्याचा गृहप्रवेश मात्र फार केविलवाणा असतो, असे मला त्या दिवशी कळले. यंत्राची कळ दाबली म्हणजे कर्नल स्मृतीत आणून ठेवला जातो, आणि डोळे उघडतो तेव्हा आपण केवढ्या घरात आलो आहोत हेदेखील त्याला ठाऊक नसते. रात्रीच्या वेळी, दिवा नसताना, बिऱ्हाड घेऊन नव्या घरात शिरलेल्या कुटुंबासारखी त्याची अवस्था. कोठे खांब आहे, कोठे आड आहे, कोठे आधीच्या भाडेकरूचे सामान आहे, काही कळत नाही. तेव्हा यंत्रात कायमच्या कोरून ठेवलेल्या ज्या प्राथमिक सूचना असतात, ज्यांना फर्मवेअर म्हणतात, त्यांच्याकडून त्याला एक उतारा मिळतो. आमच्याकडे सातबाऱ्याचा उतारा असतो तसाच. अमुक पासून अमुक पर्यंत जमीन लागवडीची, अमुक पासून अमुक पर्यंत पोटखराब. या उताऱ्याला जाणते लोक ‘ई-८२०’ म्हणतात. हा काही गट नंबर नव्हे. जुन्या यंत्रांत हा उतारा मागताना जो सांकेतिक आकडा सांगावा लागे, तोच पुढे त्याचे नाव होऊन बसला.

आणि सातबाऱ्याला जी ब्याद, तीच यालाही. एकच पट्टा दोन नोंदींत येतो. एक नोंद म्हणते ‘वापरास योग्य’, दुसरी म्हणते ‘राखीव’. तहसील कचेरीत असे झाले तर तीन पिढ्यांना काम मिळाले असते. कर्नलजवळ तेवढा वेळ नसतो. त्याने एक साधा नियम करून ठेवला आहे. दोन नोंदी एकमेकींवर चढल्या, तर त्यांपैकी अधिक बंधन घालणारी नोंद खरी धरायची. वापराचा दावा हरतो, राखीवचा जिंकतो. संशय असेल तेथे पाय ठेवायचा नाही. हा नियम ऐकून मी नुसती मान डोलावली; तो माझ्याच घरी लागू पडेल असे त्या क्षणी माझ्या मनात आले नाही.

राखीव म्हणून नोंदलेली जागा सोडावी हे ठीक. परंतु जी मोकळी म्हणून सांगितली आहे तीही खरोखर मोकळी असतेच असे नाही. याविषयी पुतण्याने जी हकीकत सांगितली ती मला फार गमतीची वाटली. १९८१ साली आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्या प्रोसेसरला एकंदर १ मेगाबाइट एवढीच जागा ओळखता येत असे. तिच्यातील खालची ६४० किलोबाइट कार्यक्रमांची, वरची ३८४ किलोबाइट पडद्यासाठी आणि कोरलेल्या सूचनांसाठी, अशी वाटणी झाली. पुढे यंत्रांची स्मृती हजारो पटींनी वाढली, पण हा पहिला मेगाबाइट जुन्या वाड्याच्या देवडीसारखा तसाच राहिला, आणि देवडीवर जुन्या चाकरांची वहिवाट असते तशी त्यावर फर्मवेअरची वहिवाट राहिली. उताऱ्यात ‘मोकळी’ असे लिहून द्यायचे आणि मागाहून गुपचूप तेथे खरडून जायचे, असा काही यंत्रांचा प्रकार असे. २००८ च्या सुमारास तर असे आढळले की, काही यंत्रांत बाहेरच्या पडद्याची तार नुसती उपटली तरी फर्मवेअर जागे होऊन खालच्या ६४ किलोबाइटांत काही तरी लिहून जाते. तेथे कर्नलने आपली चीजवस्तू ठेवली असेल तर तिची माती. लिनक्स नावाची जी कार्यप्रणाली माझ्या संगणकावर आहे, तिच्या कर्त्यांनी आधी थोडीथोडी जागा सोडून पाहिली. अखेर २०२१ मध्ये पहिला मेगाबाइट सरसकट, काहीही न विचारता राखीव ठरवून टाकला. हजारो मेगाबाइटांतला एक. गेला तर गेला.

परंतु त्यातही एक गोम निघाली. आजच्या यंत्रात एक सोडून अनेक प्रोसेसर असतात. पहिला जागा झाला की तो बाकीच्यांना उठवतो, आणि हे बाकीचे उठतात ते १९७८ सालच्या आपल्या पूर्वजाच्या समजुतीने. पहिल्या मेगाबाइटच्या पलीकडे जग आहे हे त्या अर्धवट झोपेत त्यांना ठाऊकच नसते. त्यांना वर चढून येण्यासाठी एक लहानशी पायरी त्या पहिल्या मेगाबाइटमध्येच ठेवावी लागते. आधी सगळा मेगाबाइट बंद केला तर पायरीला जागा उरत नाही. म्हणून आधी पायरी बसवायची आणि मग दार लावायचे, असा क्रम ठरवावा लागला. “या कामात,” पुतण्या म्हणाला, “काय राखायचे याइतकेच कोणाच्या आधी राखायचे यालाही महत्त्व आहे.”

याचे कारणही त्याने समजावून दिले. सुरुवातीच्या त्या घाईत कर्नलजवळ मोठी दप्तरे नसतात. दोनच याद्या असतात. एक, एकंदर जागा किती आहे तिची. दुसरी, तिच्यातील कोणकोणती धरली गेली आहे तिची. पहिलीतून दुसरी वजा केली की उरली ती मोकळी. ही दुसरी यादी मोठी सोशिक आहे. तुम्ही जी जागा धरलीत तीच मागाहून दुसऱ्याने धरली, तरी ती तक्रार करीत नाही. दोन्ही नोंदी मुकाट्याने एकत्र करून टाकते. कारण जागा धरलेली आहे एवढेच तिला लिहिता येते. कोणी धरली हे लिहिण्यास तिच्यात साधारणपणे रकानाच नाही. म्हणजे बाकावर रुमाल दिसतो, परंतु त्यावर नाव नाही. ‘मला एवढी जागा पाहिजे, मोकळी असेल तेथे दे’ असे जो विचारतो, त्याला यादी सुरक्षित जागी नेऊन बसवते. ‘मला हीच जागा पाहिजे’ असे जो म्हणतो, त्याने ती आधी कोणी घेतली आहे काय हे स्वतःच पाहून घ्यावे. आणि सर्वांत मोठा घात होतो तो राखण्यापूर्वीच वाटप सुरू केल्याने. एखाद्याने आपली गरज अजून नोंदवलेलीच नसते. तोवर दुसरा मोकळी जागा म्हणून तेथे सामान मांडतो. कोणाचे चुकले म्हणावे? मांडणाऱ्याला जागा रिकामीच दिसत होती.

येथे मला आमच्या घराविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. ओसरीला लागून एक खोली आहे. ती आईची म्हणून ओळखली जात असली तरी आई तीत कधीच राहिली नाही. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ती खोली रिकामी असे. श्रावणाच्या सुमारास गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत येते तेव्हा शेगावात शिरण्यापूर्वीचा तिचा शेवटचा मुक्काम खामगावात असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे लाखो माणसे तिच्याबरोबर शेगावपर्यंत पायी चालतात. त्या एका रात्री आमच्याकडे दहापंधरा वारकरी उतरत, आणि त्या एका रात्रीसाठी आई ती खोली वर्षभर सारवून, झाडून, मोकळी ठेवी. मुलांच्या परीक्षा असोत, घरात लग्न असो, त्या खोलीत पेटी ठेवलेली तिला खपत नसे. “जागा आयत्या वेळी होत नाही रे बाबा,” असे ती म्हणे. आम्ही दोघे भाऊ तिला हसत असू.

आई गेली आणि त्या खोलीवर दोन रुमाल पडले. माझे म्हणणे असे की, मी येथे राहतो, वडिलांच्या वह्यांचे काम करतो. पुस्तकांची कपाटे आणि हा संगणक ठेवण्यास ओसरीलगतची, उजेडाची तीच खोली योग्य. दादा अकोल्यास असतो. त्याचे म्हणणे असे की, तो थोरला. आज ना उद्या तो परत येणार आणि आला म्हणजे आईच्याच खोलीत राहणार. यावर आमची भांडणे झाली नाहीत. सुशिक्षित घरांत होते तसे झाले. दूरध्वनीवर प्रकृतीची चौकशी होई आणि खोलीचा विषय दोन्ही बाजूंनी टाळला जाई. दरम्यान, उन्हाळ्यात एके दिवशी, खोली रिकामीच आहे असे पाहून मी माझी चार कपाटे तीत नेऊन लावली.

हे सर्व पुतण्यास ठाऊक होते. तो दादाचाच मुलगा. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि संगणक त्याच खोलीत असल्यामुळे तेथेच बसून तो आपले काम करीत राहिला.

साक्षीदाराची ही योजना लिनक्समध्ये २००५ पासून आहे. तिच्यातील विचार मला मोठा खोल वाटतो. कर्नल कोसळतो तेव्हा त्याला स्वतःचा जबाब लिहिता येत नाही. ज्याचे भानच गेले आहे त्याच्या हाती लेखणी द्यावी कशी? तो भलत्याच ठिकाणी लिहून आणखी नासधूस करील. म्हणून प्रारंभीच, सर्व ठीकठाक असताना, स्मृतीचा एक तुकडा बाजूला काढतात आणि त्यात दुसरा एक लहान कर्नल निजवून ठेवतात. पहिल्याने त्या तुकड्यात कधीही पाऊल टाकायचे नाही. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो, त्या चिमुकल्या जागेतच संसार करतो आणि बाकीच्या घराला हात न लावता त्याचा पंचनामा तबकडीवर उतरवून घेतो. मग यंत्र नव्याने सुरू होते. पॉवर जातीच्या मोठ्या यंत्रांसाठी याहून निराळी पद्धत आहे. तेथे यंत्र पुरते नव्याने उठवतात, पण फर्मवेअर मृताची स्मृती पुसत नाही; आणि नवा कर्नल थोडक्या जागेत राहून, पंचनामा पुरा होईपर्यंत बाकीची सर्व जागा राखीव मानतो. तो झाल्यावरच ती वापरास मोकळी करतो. त्या पद्धतीच्या मूळ टिपणावर जुलै २०११ ही तारीख आहे आणि खाली कर्त्याचे आडनाव अस्सल कोकणी आहे, हे पुतण्याने मला कौतुकाने दाखवले.

माझ्या संगणकाची स्मृती ८ गिगाबाइटांची. तिच्यातील १२८ मेगाबाइट, म्हणजे चौसष्टावा हिस्सा, साक्षीदारासाठी ठेवावा असे ठरले. पुतण्याने आपल्या विद्यार्थिदशेतील वहीतून एक ओळ उतरवली. तिचा अर्थ, १६ मेगाबाइटांच्या खुणेपासून पुढे इतकी जागा राखून ठेव. यंत्र नीट सुरू झाले. मी म्हणालो, झाले ना काम? परंतु तो सावध मुलगा. सुरू होताना कर्नल जी शेकडो ओळींची बखर लिहीत असतो ती त्याने चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवली. मराठीत तिचा अर्थ असा होतो: राखून ठेवता आली नाही, जागा वापरात आहे.

तेवढी एकच ओळ. कर्नल थांबला नव्हता, त्याने घंटा वाजवली नव्हती. नोंद करून तो पुढच्या कामाला लागला होता. ती ओळ वाचली नसती तर साक्षीदार जागेवर आहे अशा भरवशावर आम्ही राहिलो असतो, आणि तो नाही हे कळले असते ते त्याची गरज पडल्या वेळी.

पुतण्या कारण शोधू लागला आणि मी त्या ओळीकडे पाहतच राहिलो. मला आठवली ती त्याच वर्षीची श्रावणातली रात्र. पालखी आली होती, रस्ताभर टाळांचा आवाज होता, पावसाची भुरभुर होती. आमच्या ओट्यावर सात-आठ माणसे येऊन उभी राहिली. त्यांत एक म्हातारी होती. आई असताना ती दरवर्षी येई आणि खोलीच्या उत्तरेकडील भिंतीला पाठ लावून निजे. तिचे नाव मी कधी विचारले नव्हते. आई गेल्याचे ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग सवयीने खोलीच्या दाराशी जाऊन आत डोकावली. आत चार कपाटे, मेज, खुर्ची आणि हा संगणक. मी गडबडून म्हणालो, “ओसरीवर करतो ना व्यवस्था.” परंतु ओसरीवर पावसाचे शिंतोडे येत होते, आणि ते तिला माझ्याआधी दिसले. “राहू दे बापा,” ती म्हणाली, “तुये पुस्तकं भिजतीन सामान हालवतानी.” आणि ती मंडळी पुढे गेली. मी कोणाला घालवून दिले नव्हते. कोणी मला बोल लावला नव्हता. जागा वापरात होती, एवढेच.

“सापडले!” पुतण्या म्हणाला आणि मी भानावर आलो. त्याच्या वहीतील ओळ जुन्या काळी बरोबर होती. तेव्हा कर्नल स्वतः स्मृतीच्या अगदी तळाशी बसत असे आणि १६ मेगाबाइटांपुढची जागा मोकळी सापडे. परंतु तळाचा भाग खाचखळग्यांचा, आणि जुन्या उपकरणांचा हात तेवढ्यापुरताच पोचतो. म्हणून २००९ मध्ये कर्नलनेच आपली बैठक उचलून १६ मेगाबाइटांच्या खुणेवर नेली. वहीतला पत्ता बदलला नाही. त्या पत्त्यावर राहणारा मात्र बदलला. साक्षीदारासाठी आम्ही जी जागा मागत होतो तीत घरधनीच बसला होता.

“मग आता?” मी विचारले.

“पत्ता खोडायचा,” तो म्हणाला. “जागा किती हवी एवढेच सांगायचे. कोठे द्यायची ते त्याचे तो पाहील. साक्षीदाराला जागा मिळाल्याशी काम. ती सोळाव्याच मेगाबाइटवर का हवी?” नव्या कर्नलनी तर हा आग्रह स्वतःपुरताही सोडला आहे असे त्याने सांगितले. २०१४ पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे की, चोरांना ठाव लागू नये म्हणून कर्नल दर खेपेस निराळ्याच ठिकाणी जाऊन बसतो. मात्र बसताना आधीच कोणासाठी राखलेल्या जागा चुकवतो. त्याने ओळीतील मागचा आकडा पुसला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि या वेळी बखरीत १२८ मेगाबाइट राखून ठेवल्याची नोंद मिळाली.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी यंत्र कोसळले, आणि आयुष्यात प्रथमच मला त्याचा आनंद झाला. साक्षीदाराने आपले काम चोख केले. आणखी दोनदा तसेच घडले, आणि तिन्ही पंचनाम्यांत दोष एकाच ठिकाणी निघाला. स्मृतीची रात्रभर परीक्षा घेतली तेव्हा तिच्यातील एक बिंदू नादुरुस्त ठरला. मी नवी स्मृती आणण्यास निघालो. पुतण्या म्हणाला, कशाला? तेवढाच भाग राखीव म्हणून सांगू, म्हणजे तेथे कोणी जाणारच नाही. तडा गेलेल्या रांजणात पाणी भरता येत नसले तरी दाणे भरता येतात, हे वऱ्हाडातील कोणत्याही गृहिणीस पटेल. पहिल्या खेपेस त्याची फजितीही झाली. त्या ओळीत डॉलरचे चिन्ह लिहावे लागते, आणि कर्नलला आणून बसवणारा जो आरंभीचा कार्यक्रम असतो तो त्या चिन्हाचा भलताच अर्थ करून ते गिळून टाकतो. कर्नलपर्यंत निरोप पोचला तो असा की, एकंदर स्मृतीच ६४ किलोबाइटांची आहे. एवढ्याशा खुराड्यात तो उठणार कसा? चिन्हाच्या आधी तिरप्या रेघांचे कुंपण घातल्यावर निरोप नीट गेला. १,३१,०७२ भागांपैकी एक भाग आम्ही सोडून दिला, आणि तेव्हापासून यंत्र एकदाही गोठलेले नाही.

त्या रात्री पुतण्या झोपल्यावर मी अकोल्यास दादाला दूरध्वनी केला. प्रकृतीची चौकशी झाली. मग मी म्हणालो, “दादा, आईच्या खोलीबद्दल बोलायचे होते.” पलीकडे शांतता. मी सांगितले की, तुझा दावा आणि माझा दावा एकाच जागेवर आहे आणि त्या दोन्हींच्या आधीची एक नोंद आहे. ती लिहिलेली नव्हती म्हणून मी तेथे सामान मांडले. ती नोंद खरी धरावी असे मला वाटते. कपाटे मी माडीवर नेतो. दादा म्हणाला, “आणि मी आलो म्हणजे? माडीचा जिना मला आता चढवत नाही.” मी म्हणालो, माझ्या खोलीत. “मग तू?” त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. “बघू,” तो म्हणाला. बराच वेळ थांबून त्याने विचारले, “ती म्हातारी यायची भिंतीपाशी निजायला, ती येते का रे अजून?” मी काही बोललो नाही.

यंदाच्या श्रावणात खोली सारवलेली होती. पालखीच्या रात्री अकरा वारकरी उतरले. ती म्हातारी त्यांत नव्हती. मी दोघातिघांना विचारले. परंतु जिचे नाव ठाऊक नाही तिची चौकशी करायची तरी कशी? उत्तरेकडील भिंतीपाशी एक सतरंजी मी रात्री उशिरापर्यंत मोकळी ठेवली होती. पहाटे मला जाग येण्यापूर्वीच मंडळी शेगावच्या वाटेला लागली. खोली झाडून, सतरंज्या घड्या करून एका कोपऱ्यात नीट रचलेल्या होत्या.

खिडकीच्या गजाला तेवढा एक रुमाल होता. कोणी तो विसरून गेले की पुढच्या वर्षासाठी टाकून गेले, हे मला सांगता येत नाही. मी तो तसाच राहू दिला आहे.